बुचाकडे बघून सांग

मासे धरायला शिकवायची सासूबाईंना हौस नव्हती, आणि मला शिकायची तर त्याहून नव्हती. पण महिन्यापूर्वी त्या तळ्याच्या पायरीवरून घसरल्या आणि माझ्या नवऱ्याने फर्मान काढलं: आईने एकटीने जायचं नाही, आणि नजर कमी झाली असेल तर जायचंच नाही. माझं कपडे दुरुस्तीचं दुकान मंगळवारी बंद असतं. पहाऱ्यावर कोण जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

पहाऱ्यावर गेले ती शिष्यच झाले. काठी एकच, हात आळीपाळीने.

"गांडूळ ओवायचं, भोसकायचं नाही. शेपूट वळवळती ठेव," सासूबाई म्हणाल्या. त्या गळाकडे न बघता ओवायच्या, पायजम्यात नाडी घालावी तशा. मी वीस वर्षं सुई चालवतेय, पण अशी बोटं पाहिली नाहीत. माझं गांडूळ दर वेळी अर्धं चिखलात.

मग बूच. दोऱ्यावर बुचाचा तुकडा, खाली शिशाचा मणी, त्याखाली गळ. बूच थरथरलं तर बारकी पिल्लं कुरतडताहेत, गप्प बसायचं. आडवं पडलं तर शिसं तळाला टेकलंय, बूच जरा खाली सरकवायचं. सरळ बुडालं तरच काठी उचलायची.

"आणि दिसेल ते मोठ्याने सांगायचं. तोंडाने म्हटलं की डोक्यात बसतं."

मी रेडिओसारखी सुरू: हललं, थांबलं, हललं. दोनदा घाई केली, दोन्हीदा गळ रिकामा.

"दिली बघ तुझ्या हातावर तुरी," त्या म्हणाल्या.

तिसऱ्या मंगळवारी गळ पाणवेलीत अडकला. मी चिडून दोरा कापला, बूच काढून गळांच्या डब्यात टाकलं, नवा गळ बांधला, फेकला आणि तोंड फुगवून गप्प बसले. थोड्या वेळाने सासूबाई पाण्याकडे बघत म्हणाल्या, "छान उभं आहे बूच."

कात्री ठेवायला मी डबा उघडला. बूच डब्यातच होतं. मी लावायलाच विसरले होते. पाण्यावर काहीही नव्हतं.

मोठ्याने सांगायचं ते कोणासाठी, ते आत्ता कळलं. मला फसवलं म्हणून राग यायला हवा होता. पण या बाईने दिसत नसताना तीन मंगळवारांत नऊ मासे काढले होते आणि मी डोळस असून एकही नाही. मला त्यांचा अभिमानच वाटला. मी दोरा ओढला, बूच लावलं, पुन्हा फेकला आणि काठी त्यांच्या हातात दिली.

"उभं आहे," मी म्हटलं.

दुपारी नवरा जेवणाचा डबा घेऊन आला. आल्या आल्या त्याने मला विचारलं, "आईला बूच दिसतं का?"

सासूबाईंची काठीवरची मूठ आवळली गेली.

"आम्हा दोघींना मिळून दिसतं," मी म्हटलं. "पायरीवर हात मी धरणार. डोळे दाखवायलाही मीच नेणार. पण मंगळवार बंद होणार नाही."

तो एकदा आईकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिला. तेवढ्यात बूच थरथरलं.

"हललं. थांबलं. हललं. बुडालं, आई."

काठी वाकली. हातभर मासा वर आला. नवरा मासा धुवायला खालच्या पायरीवर गेला.

"सकाळी बूच लावायला विसरली होतीस," सासूबाई हळूच म्हणाल्या.

"तुम्हाला दिसलं?"

"बूच पाण्यावर पडलं की टप वाजतं. वाजलं नाही."

"मग उभं आहे असं का म्हणालात?"

त्या पदराने गळ पुसत राहिल्या. "डोळे जायला लागलेत हे सांगायला जीभ उचलत नव्हती गं. म्हटलं, तुझं तुलाच कळू दे."

मग त्यांनी नवं गांडूळ ओवलं आणि काठी माझ्या हातात दिली. "धर. आणि मोठ्याने सांग."