सातव्या अंकातली पाठमोरी बाई

ज्या वर्षी नातीचे पुढचे दोन्ही दात एकदम पडले आणि शाळेच्या फोटोत तिनं तोंड घट्ट मिटून घेतलं, त्याच वर्षी जावयानं घरासाठी साठवलेले सगळे पैसे एका कॉमिकच्या सातव्या अंकात घातले. अंक एकच, प्रती पुष्कळ. जिथं मिळेल तिथून त्यानं त्या गोळा केल्या.

लेकीला हे कळलं तेव्हा ती खाली माझ्या दुकानात आली आणि न धुतलेल्या कपड्यांच्या गठ्ठ्यावर बसून राहिली. रडली नाही. म्हणाली, "बाबा, ते म्हणतात हे घरच आहे. फक्त अजून कागदावर आहे."

माझं दुकान धुलाई-इस्त्रीचं. त्याच्यावरच्या दोन भाड्याच्या खोल्यांत लेक, जावई आणि नात राहायची. वरून नातीच्या उड्या आणि खालून माझी वाफ, असा आमचा शेजार. जावई मोटारींचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात कामाला होता. माणूस सरळ. व्यसन नाही, आवाज चढवणं नाही. पण एकदा डोक्यात काही शिरलं की ते बाहेर काढायला त्याला दार सापडायचं नाही.

या धंद्यात त्यानं मलाही ओढलं होतं. जुन्या कॉमिकला दुमड असते, कोपरा वळलेला असतो, कुणीतरी त्याच्यावर चहाचा कप ठेवलेला असतो. ते सगळं हलक्या हातानं दाबून सपाट करायचं असतं. "मामा, तुमच्यासारखा हात मला कुठं मिळणार?" असं म्हणून तो एक दिवस अंकांची पेटी घेऊनच आला. मग मी अंकाला थोडी दमट हवा द्यायचो, पानापानात कोरा कागद घालायचो, कोमट दाबाखाली ठेवायचो आणि थंड होईपर्यंत हात लावायचो नाही. रेशमी साडीपेक्षा जास्त जपावं लागे. साडी चुकली तर गिऱ्हाईक भांडतं. हे चुकलं तर जावई नुसता बघत राहायचा, आणि ते भांडणापेक्षा वाईट.

मग ते अंक तपासनिसांच्या कचेरीत जायचे. तिथली माणसं भिंगातून टाचण्यांचा गंज बघतात, कण्यावरच्या, म्हणजे घडीवरच्या, चिरा मोजतात, पान किती पिवळं पडलंय ते बघतात आणि दहापैकी गुण देतात. गोष्ट कशी आहे ते कुणी बघत नाही. शेवटी अंक जाड पारदर्शक प्लास्टिकच्या डबीत कायमचा बंद करतात आणि वर चिठ्ठी असते, तीही आत बंद. डबी फोडली की गुण गेले. म्हणजे ज्याच्याकडे सगळ्यात चांगली प्रत, त्याला ती उघडता यायची नाही. मी एकदा विचारलं, "मग वाचायचं कसं?" जावई म्हणाला, "मामा, सोन्याचं बिस्कीट कुणी चहात बुडवून खातं का?"

कॉमिकचं नाव 'कुलूपवाला'. कुठलंही कुलूप उघडणारा एक माणूस, आणि त्याच्या मागावर असलेली काळी मावशी. ही मावशी दुष्ट, पण मजेशीर. तिच्यावर सिनेमा निघणार अशी कुठून तरी बातमी उठली आणि मावशी पहिल्यांदा ज्या अंकात दिसली त्या अंकाचा भाव चढायला लागला. आता पहिली कुठं दिसली यावरूनच दोन तट. आठव्या अंकात ती तोंडासकट येते. पण सातव्याच्या शेवटच्या पानावर, एका लहानशा चौकटीत, खिडकीशी एक बाई पाठमोरी उभी आहे. सातवेवाले म्हणायचे, हीच ती. आठवेवाले म्हणायचे, नुसत्या पाठीला कुणी दर्शन म्हणत नाही. तपासनिसांनी सातवेवाल्यांची बाजू घेतली आणि डबीतल्या चिठ्ठीवर छापायला लागले, 'काळी मावशी : प्रथम दर्शन'. जावयाच्या सगळ्या डब्यांवर हेच होतं. भाव रोज चढत होता. लेक रोज म्हणायची, "विका आता." तो रोज म्हणायचा, "मेळावा होऊ दे."

कॉमिकवाल्यांचा हा मेळावा नगरपालिकेच्या सभागृहात व्हायचा होता आणि 'कुलूपवाला' काढणारा म्हातारा चित्रकार तिथं येणार होता. त्याला हा प्रश्न विचारणार हे सगळ्यांना माहीत होतं. तो 'हो' म्हणाला की आठवेवाले गप्प, आणि भाव दुप्पट.

हा चित्रकार बस डेपोच्या मागं राहतो असं एक दिवस जेवताना जावई म्हणाला, आणि मी हातातला घास खाली ठेवला.

"डेपोच्या मागं? तिसरा मजला? उजव्या कफावर शाई?"

"तुम्हाला कसं माहीत?"

"त्याचे शर्ट माझ्याकडे येतात."

जावई माझ्याकडे असं बघत राहिला, की जणू मी इतकी वर्षं खिशात किल्ली ठेवून बाहेर उभा होतो. "मामा! आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"शर्टावर कुठं लिहिलेलं असतं, हा काय काढतो म्हणून?"

दुसऱ्या दिवशी शर्ट पोचवायला मी स्वतः निघालो. दारापर्यंत जावई आला. म्हणाला, "फक्त विचारा, मामा. जबरदस्ती नाही. पण सांगा त्याला, की एका शब्दानं एक घर उभं राहतंय."

चित्रकाराचं घर म्हणजे एक खोली, एक खिडकी आणि खिडकीशी स्टोव्ह. त्यानं शर्ट घेतले, कॉलर चाचपली आणि म्हणाला, "आज मालक स्वतः? कुणाचं लग्न आहे का?"

मी आडवळणं घेतली नाहीत. जावई, डब्या, चिठ्ठ्या, मेळावा, सगळं सांगितलं. तो हसला, मग खोकला, मग पाणी प्यायला.

"माझ्या तब्येतीची चौकशी करायला मध्ये एकजण आला होता," तो म्हणाला. "फळं घेऊन. मी कधी जातोय, हे बघायला. मी गेलो की म्हणे माझ्या सहीचा भाव वाढेल. म्हणून मी आता दूधवाल्यालाही सही देतो. जितक्या जास्त, तितकं बरं."

"आणि ती बाई?" मी विचारलं.

त्यानं खिडकीकडे बोट दाखवलं. "ती इथं उभी होती. माझी बायको, आता नाही ती. छापखान्याला पानं द्यायची होती आणि शेवटच्या चौकटीत काय काढावं ते सुचत नव्हतं. ती स्टोव्हला पंप मारत होती. मी म्हटलं, हलू नकोस. ती म्हणाली, स्टोव्ह भडकला तर? तेवढ्यात काढून झालं. मावशी मला पुढच्या महिन्यात सुचली."

तो म्हणाला, "चित्रातली माणसं बोलतात त्या फुग्यांमधली सगळी अक्षरं तिच्या हातची. माझं अक्षर म्हणजे मुंग्या. पहिल्या अंकापासून शेवटपर्यंत तिनंच लिहिलं. नाव माझं छापलं, लेखकाचं छापलं, छापखान्याचं छापलं. तिचं कुठंच नाही. तिची ती पाठ तेवढी छापली."

अक्षरं मला उशिरा आली. लेक शाळेत जायला लागली तेव्हा तिच्यासोबत बसून शिकलो, आणि पुढं वाचायला म्हणून तिची कॉमिकं घेतली, कारण त्यातली अक्षरं मोठी, सरळ, एकमेकांपासून लांब असायची. बोट ठेवून वाचता यायची. ती कुणीतरी हातानं लिहीत असेल, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

"तुमच्या मुलीला घर मिळेल का, मी हो म्हटलं तर?" त्यानं विचारलं.

"मिळेल म्हणतात."

"तुम्ही काय म्हणता?"

"बायको तुमची आहे," मी म्हटलं. "मी शर्ट पोचवायला आलोय."

परत आलो तर जावई जिन्यातच उभा. "काय म्हणाले?"

"शर्टाला कांजी जास्त झाली म्हणाले."

"मामा, थट्टा नको."

मग वर जाऊन दोघांसमोर सांगितलं. जावई खुर्चीवर बसला, उठला, परत बसला. म्हणाला, "म्हातारा आहे. इतकी माणसं समोर बघून बदलेल. त्याला काय फरक पडतो? बाई तर गेलीय."

लेक भांडी घासत होती. मागं न वळता म्हणाली, "मी गेल्यावर माझी पाठ किती रुपयांना विकायला काढणार आहात, ते आत्ताच सांगून ठेवा."

नात म्हणाली, "आईची पाठ कशाला विकायची?" तिचे दात नसल्यामुळं ते इतकं विचित्र ऐकू आलं, की लेकीला हसू आलं. जावई दुसऱ्या दिवशी विकू शकला असता. मेळाव्याला अजून वेळ होता आणि भाव चढतच होता. पण त्यानं विकलं नाही. आशेनं विकलं नाही की लाजेनं, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

मेळाव्याला आम्ही सगळे गेलो. सभागृहात पंखे कमी आणि माणसं जास्त. डब्या हातात घेऊन पोरं, बाप्ये, चष्मेवाले, सगळे रांगेत. चित्रकार माझ्या इस्त्रीच्या शर्टात आला. कफावर शाई होतीच. सूत्रसंचालक मुलीनं हसत हसत तो प्रश्न विचारला, "आज एकदाचं सांगून टाका. सातव्या अंकातली ती बाई कोण?"

चित्रकारानं माइक तोंडाजवळ घेतला. त्याची नजर गर्दीत फिरली. मला शोधत होती की नाही, ठाऊक नाही.

"ती माझी बायको," तो म्हणाला. "स्टोव्ह पेटवत होती."

लोक हसले. त्यांना विनोद वाटला. मग तो म्हणाला, "हसू नका. खरंच तीच. तुमच्या आवडत्या पुस्तकातलं प्रत्येक अक्षर तिनं लिहिलंय. मावशी नंतर आली. मावशीचा आणि तिचा काही संबंध नाही." आणि त्यानं बायकोचं नाव घेतलं, सावकाश, दोनदा.

मागच्या रांगेत माणसं फोन काढून बोटं चालवायला लागली होती. तो स्टेजवरून उतरेपर्यंत भाव खाली आला होता. दारात एक आठवेवाला दुसऱ्याला मिठी मारत होता. जावई आमच्या पुढं चालत होता, नातीचा हात धरून. त्यानं मागं वळून बघितलं नाही.

त्या दिवशी संध्याकाळी मी आणि जावई वर जेवायला बसलो होतो. जावयाचा फोन वाजला. लांबच्या गावचा कुणी होता. त्याला सातवा अंक हवा होता, जितक्या डब्या असतील तितक्या, कालच्या भावानं. मेळाव्याची बातमी त्याच्यापर्यंत पोचली नसावी. आवाज इतका मोठा की मलाही ऐकू येत होता. तो विचारत होता, "चिठ्ठीवर प्रथम दर्शन छापलंय ना?"

जावयानं भिंतीशी रचलेल्या डब्यांकडे बघितलं. छापलेलं होतं. सगळ्यांवर. आत, जाड प्लास्टिकमागं, जिथं कुणाला खोडता येणार नव्हतं.

लेकीनं नळ बंद केला.

"छापलंय," जावई म्हणाला. "पण ती मावशी नाही. आज चित्रकारानं स्वतः सांगितलं. त्याची बायको आहे ती." पलीकडच्यानं विचारलं, तरीपण देणार का. हा म्हणाला, "हो, तरीपण देईन. पण आजच्या भावानं."

पलीकडून फोन ठेवला गेला.

लेकीनं पुन्हा नळ सोडला. जरा वेळानं म्हणाली, "पुढल्या महिन्यापासून भाडं वाढतंय."

"माहीत आहे."

"आमटी आणखी घ्या."

त्यानं घेतली.

पुढं डब्या एकेक करून गेल्या, पडेल त्या भावानं. आलेल्या पैशात घर झालं नाही. लेकीसाठी शिलाई मशीन झालं आणि नातीच्या शाळेची फी झाली. तिघं अजून माझ्या डोक्यावरच राहतात. एक डबी मात्र जावयानं पेचकसानं फोडली आणि अंक माझ्या हातात दिला. "तुम्ही दाबलेला आहे, मामा. वाचा तरी." मी दुकानात, गिऱ्हाईक नसताना, सबंध वाचला. गोष्ट ठीकठाक आहे. अक्षर फार सुंदर आहे. शेवटच्या चौकटीत नीट बघितलं तर बाईच्या उजव्या कोपराशी स्टोव्हच्या टाकीची कड दिसते. भिंगवाल्या कुणालाही ती दिसली नव्हती, आणि मलाही आधी दिसली नव्हती.

सिनेमा अजून निघालेला नाही.

चित्रकार मेळाव्याच्या पुढच्या वर्षी, नातीचे नवे दात पुरते वर आल्यावर, मार्चच्या नऊ तारखेला सकाळी दवाखान्यात वारला. त्याचे दोन शर्ट माझ्याकडे होते.