ढग आले तेव्हा मी झाडावर होते

मी तार बोलतेय. तांब्याची, बारीक, अंगावर काळं वेष्टण असलेली. उंचावर ताणून बांधलं की हौशी रेडिओवाल्यांची हाक माझ्यातून लांबवर जाते. अ‍ॅन्टेना म्हणतात मला.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी नुसतं भेंडोळं होते. मोटारी दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराने मला आणलं, मापात कापलं, टोकं सोल्डर केली आणि दरवर्षी एका सुट्टीला तो मला टेकडीवर नेऊ लागला. तिथे हौशी रेडिओवाल्यांचा मेळावाच असायचा. छोटी बॅटरी, मिणमिणत्या दिव्याला पुरेल एवढीच ताकद, आणि तेवढ्यावर दूरच्या माणसांशी बोलायचं. सुरुवातीला तंबूंची रांग लागायची. पुढे कुणाचे गुडघे धरले, कुणी परगावी गेलं, बाकीच्यांनी खिशातला मोबाईल दाखवून विचारलं, आता हे कशाला?

कारागीर म्हातारा झाला, हात थरथरू लागले. मेळावा तेव्हाच बंद पडायचा. पण त्याच्या सुनेने आणि लेकीने परीक्षा देऊन रेडिओचे परवाने काढले आणि तो अंगावर घेतला. सून शाळेत चित्रकला शिकवते, लेक इस्पितळात नर्स. यंदाही सुनेने फोन करकरून सगळ्यांना बोलावलं. आले कोण, तर घरचेच तिघं.

दोन टेकड्यांवर तरी सेट लागले पाहिजेत, नाहीतर मेळावा कसला? म्हणून मला झाडाच्या शेंड्याला बांधून सासरे आणि सून इकडे थांबले. लेक एकटीच दरीपलीकडे गेली, कड्याच्या आडोशाला. तिथे मोबाईलला रेंज नाही, आणि परतीच्या वाटेत ओढा.

दुपारपर्यंत झकास चाललं होतं. मग माझ्या अंगावरून मुंग्या फिरल्यासारखं झालं. हवा भरून आली होती. मला ओरडता येत नाही. मी हेडफोनमध्ये नुसती चरचरले. सुनेने मान वर केली. पलीकडच्या कड्यामागून काळाकुट्ट ढग वर येत होता.

"बाबा, तार काढते," ती म्हणाली.

सासरे जागचे हलले नाहीत. ढग लेकीच्या पाठीशी होता, तिला तो दिसणारच नव्हता. ओढा चढला की ती तिकडेच अडकणार. आणि मला काढलं तर तिला सांगणार कोण?

"आधी तिला उतर म्हण. मग काढ."

सून मोर्सच्या चावीवर, टकटकीतून एकेक अक्षर पाठवत, हाका मारू लागली. उत्तर नाही. पुन्हा मारल्या. दूर कुठेतरी गडगडलं. सासरे म्हणाले, तू गाडीत जाऊन बस, मी बघतो.

"तुमच्या हाताची अक्षरं ताईंना लागायची नाहीत, बाबा," ती खालच्या आवाजात म्हणाली. ते गाडीकडे गेले नाहीत, तिच्या शेजारी बसून राहिले.

मी भीतीने ताठ झाले होते. त्या टेकडीवर सगळ्यात उंच ते झाड, आणि त्याच्या शेंड्याला मी. वीज पडली तर माझ्यावर पडणार, आणि माझं दुसरं टोक सुनेच्या बोटांपाशी होतं. काढ मला, काढ, असं मी चरचरून सांगत होते. पण माझ्याच आवाजात लेकीचं उत्तर बुडेल, ही भीती त्याहून मोठी होती.

ते आलं तेव्हा इतकं बारीक होतं की सुनेने डोळे मिटून घेतले. "ऐकलं. उतरते."

सुनेने माझं टोक सेटमधून हिसडा देऊन उपटलं, लांब फेकलं आणि सासऱ्यांचा दंड धरून गाडी गाठली. दार लागतं न लागतं तोच झाडावर वीज पडली. माझं अर्धं अंग वितळून गेलं.

पुढचं मी नंतर घरी ऐकलं. खाली रस्त्यावर त्यांनी किती वाट पाहिली कोण जाणे. लेक आली ती कमरेपर्यंत भिजलेली. म्हणाली, मी डबा खात होते, हेडफोन गळ्यात होते. कुणी तिला रागावलं नाही. म्हाताऱ्याने तिचं मनगट धरलं ते घर येईपर्यंत सोडलं नाही.

आता माझ्या उरलेल्या तुकड्याला सुनेने नवी तार जोडली आहे. म्हणजे पुढच्या वर्षीही मेळावा भरणार. मला भीती वाटते, खोटं कशाला सांगू? तरी मला बांधा. ढग दिसला की काढाल, तेवढा भरवसा आहे. पण लेक पुन्हा त्याच टेकडीवर जाईन म्हणतेय. तुमच्यापैकी कुणी याल का? रेडिओतलं काही येत नसलं तरी चालेल. तिच्याजवळ बसायला एक माणूस हवंय.