कड न तोडता

"आतला कापाचा, पण भाएरची कड तुटली नाय पायजे. अशी करवत आहे?"

लहान्यानं असं विचारल्यावर डहाणू रोडच्या हार्डवेअरच्या दुकानातला हितेश त्याच्याकडं बघतच राहिला. लहान्या तलासरीकडचा पंप मेकॅनिक. पस्तीस वर्षं चिकूच्या वाड्यांतल्या मोटारी उघडून बसवण्यात गेली. दुकानात यायचा तो बुश नाहीतर वायसर मागायला. आज कोडं घालत होता.

"काका, आत जायचं तर कड कापावीच लागणार ने?"

"ता माना पण म्हाइत आहे. म्हणून तर तुज्याकं आलू."

लहान्यानं पिशवीतून प्लायवूडची एक चौकट काढली. वीतभर रुंद, आतल्या बाजूला बारीक बारीक दात्र्या पाडलेली. लोखंड कापायच्या करवतीनं केलेलं काम, त्या मानानं सुबक होतं. फक्त उजव्या बाजूला कड कापून करवत आत नेली होती आणि नंतर ती फट फेविकॉल आणि भुसा भरून बुजवली होती. सँडपेपरनं घासून इतकी साफ केली होती की हितेशला दिसलीसुद्धा नाही. शुक्रीला मात्र ती एका क्षणात सापडली होती, आणि शुक्रीला तर दिसतच नव्हतं.

शुक्री म्हणजे लहान्याची बायको. वारल्यांच्या लग्नात घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं देवीचा चौक काढतात. मध्ये देवी आणि तिच्याभोवती नक्षीची कड. तो सवाशिणींनीच काढायचा. चाळीस वर्षं पाड्यातला एकही चौक शुक्रीच्या हाताशिवाय झाला नव्हता. काचबिंदूनं तिचे डोळे गेले आणि पाड्याची पंचाईत झाली. पुतण्या उमेशचं लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं. सून शितल चौक काढायला तयार होती, पण तिनं तो नुसता लांबून पाहिलेला. तिचं चुकलं तर शुक्रीला कळणार कसं? कारण ओल्या पिठाला बोट लावलं की चौक फिसकटतो. उमेशच्या दोस्तांनी तोवर उपाय काढलाच होता: फ्लेक्स छापून आणू, काकी, फोटोपण चांगला येतो. त्या दिवशी शुक्री जेवली नाही.

म्हणून लहान्यानं ही लाकडाची चौकट केली. शुक्रीनं ती बोटांनी वाचावी, शितलनं बघावी. शुक्रीचं बोट कडेवरून सरसर गेलं आणि उजव्या बाजूला अडलं.

"हठं वाट सोडलीस."

"बुजवली ना."

"बुजवली, पण आहे. कडेला वाट ठेवाची नाय. देवी निंगून जाते."

हे सगळं हितेशला सांगण्यात लहान्याला काही कमीपणा वाटला नाही. हितेशनं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, बोईसरला लेझरवाला छे. पाच मिनिटात काढून देईल."

"तेला तिचा हात कसा कळल? ती बोटान सांगल, मी कापीन. असा आहे."

मग हितेश माळ्यावर चढला आणि कमानीच्या तीन करवती घेऊन खाली उतरला. एका वाकड्या कमानीत दोऱ्याएवढं बारीक पातं ताणून बसवलेलं. लहान्यानं असलं हत्यार कॅलेंडरवरच्या विश्वकर्म्याच्या हातातही पाहिलं नव्हतं.

पहिलीची मूठ प्लॅस्टिकची. कमान अंगठ्यानं दाबली तर लवली. "ही नको. पाता ढिला पडल, मंग मन मानल तठं जाल." दुसरीचं पातं केसासारखं होतं आणि कमान हातभर खोल. ती त्यानं बराच वेळ उलटसुलट केली. जीव गुंतला होता, पण मोटारीच्या वायंडिंगला शोभेल असल्या त्या पात्याला जाड प्लाय झेपणार नव्हतं. तिसरी पोलादी कमानीची, लाकडी मुठीची. लहान्यानं ती कानाशी धरली आणि नखानं पातं छेडलं. टण्ण आवाज आला. बेअरिंग चांगलं की वाईट हे तो आयुष्यभर असंच कानानं ठरवत आला होता.

"हीच. पण आत कशी जाल?"

हितेशनं एका फळीच्या तुकड्याला मधोमध भोक पाडलं. करवतीची मूठ फिरवून पातं सैल केलं, एका टोकानं सोडवलं, भोकातून ओवलं आणि पुन्हा कमानीला अडकवून ताणलं. करवत आता फळीच्या पोटात होती आणि चारही कडा शाबूत.

लहान्या बघतच राहिला. मग म्हणाला, "परत दाखीव." हितेशनं परत दाखवलं. तिसऱ्यांदा लहान्यानं स्वतः केलं आणि एकटाच हसला. साठीच्या माणसाला नवं हत्यार कळल्याचा आनंद काही वेगळाच असतो, तो लपवायचं त्याला सुचलंही नाही.

घरी आल्यावर मात्र त्याच्या शहाणपणानं घात केला. हितेशनं पातं बसवलं होतं ते दात मुठीकडं करून. 'दुकानात बसणाऱ्याला काय कळतं' म्हणत लहान्यानं ते उलटं बसवलं. लोखंड कापताना दात पुढंच असतात, हे त्यानं तीस-चाळीस पोरांना शिकवलं होतं. दोन तासांत चार पाती तुटली. पाचवं लावताना तो करवतीला, हितेशला आणि डहाणूच्या अख्ख्या बाजारपेठेला बोल लावू लागला.

"आण हकडं," शुक्री म्हणाली. तिनं पात्यावरून हलकेच अंगठा फिरवला. "दात पुढं कया?"

"रेटून कापाचा असल तं दात पुढंच पायजेत."

"भात कापाचा विळा कसा असते?"

लहान्यानं हवेतच विळा ओढून पाहिला. विळ्याचे दात ओढताना लागतात. सारं आयुष्य त्यानं लोखंड रेटलं होतं आणि तिनं भात ओढलं होतं. त्यानं मुकाट्यानं पातं उलटं केलं. करवत अंगाकडं ओढली आणि ती लोण्यातून गेल्यासारखी गेली. शितल तोंडाला पदर लावून हसली, तिच्याकडं त्यानं मुद्दाम बघितलं नाही.

मग पंधरा दिवस तेच चाललं. तो कापायचा, शुक्री बोट फिरवायची. "ही दातरी जाड झाली." "हठं जवळ घे." शितल शेजारी बसून पाटीवर काढायची आणि पुसायची. अखेरची चौकट झाली तेव्हा शुक्रीचं बोट चारही बाजू फिरलं आणि कुठंच अडलं नाही. लहान्याचे डोळे भरून आले. बरं झालं, तिला दिसत नव्हतं.

"आथा देवी कापतू," तो उत्साहानं म्हणाला.

"नको. ती लाकडात नाय बसत. तिची जागा मोकळी राहूंदे."

लग्नाच्या दिवशी भिंत गेरूनं सारवली होती. पुरुष माणसं बाहेर, लहान्या दाराशी. सवाशिणींच्या घोळक्यात शुक्री चौकट मांडीवर घेऊन बसली. फ्लेक्सचं नाव कुणी काढलं नाही. लग्न लावणाऱ्या धवलेरीनं गाणं धरलं आणि शितलनं काडी पिठात बुडवली.

"आई, खालच्या कडंला लागली."

शुक्रीचं बोट खालच्या कडेला आलं. "दातरी बारीक काढ. घाई करू नको."

"आथा वर चढली."

बोट वर चढलं. भिंतीवर काडी आणि मांडीवर बोट, दोन्ही एकाच चालीनं पुढं सरकत राहिली. उजव्या बाजूला आल्यावर लहान्या दारातून पुढं वाकला. पहिल्या चौकटीची फट तिथंच होती. बोट तिथून तसंच पुढं गेलं.

बऱ्याच वेळानं शितल म्हणाली, "आई, कड कडेला मिळाली. देवी बसवते."

शुक्रीनं मान हलवली. तिचं बोट निघालं होतं त्याच कोपऱ्यात परत आलं होतं. भिंतीवर कडेच्या आत शितल देवी काढत होती. शुक्रीनं तळहात उचलून चौकटीच्या मधल्या मोकळ्या जागेत ठेवला आणि देवी पुरी होईपर्यंत तो तिथून हलवला नाही.