नोराइदाचा पितळी डबा

आई गेली त्याच्या आदल्या आठवड्यात तिने कस्तुरीला कपाटातून तो पितळी डबा काढायला लावला. चार कप्प्यांचा, झाकणावर चांदीच्या वेली. साउथहॅम्प्टनच्या घरी दर जानेवारीत हळदीकुंकवाला याच डब्यातून विडे फिरत. डबा होता नोराइदाचा. आई ज्या आयसीयूची इनचार्ज होती तिथली ती नर्स, फिलिपिन्समधल्या मारानाओ मुसलमानांपैकी. तिच्या गावीही पाहुण्यापुढे आधी पानसुपारी येते, म्हणून तिने तो हौसेने वापरायला दिला होता. २०२०च्या एप्रिलमध्ये ती त्याच आयसीयूत कोविडने वारली. डबा आईकडेच राहून गेला.

"तिच्या आईला नेऊन दे," आई म्हणाली. "आणि सांग, तिला लागण झाली त्या रविवारी तिची सुट्टी होती. मी फोन करून ड्यूटीवर बोलावलं. ती नाही म्हणाली होती, कस्तू. मी परत फोन केला."

कस्तुरीने डब्याचं झाकण लावलं.

"आणि डबा रिकामा देऊ नकोस."

दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हा आईचा नियम. शेजारणीची केकची बशीसुद्धा शंकरपाळे घेऊनच परत जायची. या डब्यात काय घालायचं, ते कस्तुरीला दिवसकार्य उरकल्यावर सुचलं. ती कब्रस्तानात गेली आणि नोराइदाच्या कबरीवरची मूठभर माती घेऊन आली.

फिलिपिन्सला निघायच्या दिवशी रीडिंगहून धाकट्या अंबरीशचा फोन आला. "ताई, डबा दे, माती दे, फाइन. पण ते फोन कॉलचं कशाला? त्यांना मम्मा सेंट वाटते. लेट इट बी ना."

"तिने सांगायला सांगितलंय."

"मॉर्फिनवर होती ती!"

लानाओ सरोवरातून निघालेल्या नदीच्या काठी ते गाव होतं. नोराइदाची चुलत बहीण सोराया, शाळेत इंग्रजी शिकवणारी, कस्तुरीला घ्यायला आली. वाटेत तिने पितळ ठोकणाऱ्यांची आळी दाखवली, मग एक जुनं लाकडी घर. त्याच्या तुळया पंखांसारख्या बाहेर आलेल्या, टोकांवर नाग आणि नेच्याच्या वेली कोरलेल्या. नदीपलीकडे मात्र नुसत्या भिंती उभ्या होत्या, गोळ्यांनी चाळण झालेल्या.

"इनाचं घर तिथे होतं," सोराया म्हणाली. इना म्हणजे आई; नोराइदाच्या आईला सगळे तेच म्हणत. "२०१७ला लष्कर आणि बंडखोरांच्या लढाईत गेलं. तीन वर्षांनी नोराइदा."

इनाच्या नव्या घरात शेजारणी जमल्या होत्या. पिवळ्या भाताची ताटं मांडलेली.

"लग्न झालं का म्हणून विचारतायत," सोराया हसली. "या मावशींचे चार पुतणे आहेत. एकाला तर दातही सगळे आहेत."

बायका खिदळल्या. इनाने कस्तुरीचा हात हातात घेतला आणि सोडलाच नाही. सोराया भाषांतर करत होती. "तुझ्या आईने माझ्या मुलीचा हात असाच धरला होता. मी व्हिडिओ कॉलवर पाहिलं. माझ्या जागी ती होती."

कस्तुरीने डबा पुढे केला. माती कुठली ते सांगितलं. इनाने चिमूटभर उचलून हुंगली. इथे थांबता आलं असतं.

मग कस्तुरी त्या रविवारबद्दल बोलली.

सोराया भाषांतर करायची थांबली. "हे सांगायलाच हवं?"

"हो."

सोरायाने खाली बघत सांगितलं. इनाने एकच विचारलं. "दुसऱ्या फोनला माझी मुलगी काय म्हणाली?"

कस्तुरीला माहीत नव्हतं. आईला तिने विचारलंच नव्हतं.

इनाने माती रुमालात ओतली, चारही कप्प्यांचे कोपरे बोटाने पुसून शेवटचे कणही काढले आणि गाठ मारली. झाकण लावून डबा कस्तुरीकडे सरकवला.

"माती आमची," सोराया म्हणाली. "डबा तुमच्याकडेच राहू दे, म्हणते."

मग इनाने स्वतःच्या हाताने तिला भात वाढला. पाहुणी होती ती. कस्तुरीने सगळा संपवला. तिच्याबरोबर कुणी जेवलं नाही.

पुलाजवळ बसची वाट बघताना सोराया म्हणाली, "ती रागावलेली नाही."

"मग?"

सोरायाने लांबून येणाऱ्या बसला हात केला.

बसमध्ये अंबरीशचा मेसेज आला. 'दिलास का?' कस्तुरीने 'हो' लिहिलं, पुसलं. डबा मांडीवर होता. तिने झाकण उघडून पाहिलं. चारही कप्पे लख्ख पुसलेले, रिकामे.