बघायचं नाही!

पोस्टमनची मुलगी लपाछपीत कधी हरायची नाही. राज्य आलं की ती मुलांना शोधायचीच नाही, मोठ्यांचे चेहरे बघायची. शिलाईवाल्या काकू मशीन चालवता चालवता जिन्याकडे बघून हसल्या, की जिन्याखाली हमखास कुणीतरी असायचं. सलूनवाले काका "टेम्पोखाली बसू नका रे!" असं ओरडले, की दोन गडी एकदम बाद.

काकूंचा धाकटा, ज्याला सगळे बटण म्हणत, एके दिवशी रडकुंडीलाच आला.

"आई, तू बघू नकोस ना आमच्याकडे!"

"अरे, रस्ता आहे. गाड्या येतात."

"पण तू बघतेस आणि मी आउट होतो!"

मुलांनी सभा घेतली. ठरलं, एक डाव मोठ्यांनी अजिबात बघायचं नाही. काकूंनी खिडकी लावून घेतली. काकांनी रस्त्याकडे पाठ केली.

काकूंचा जीव मात्र बाहेरच होता. पाच मिनिटांत त्यांनी एका शर्टाला दोन्ही बाह्या उलट्या जोडल्या.

बाहेर पोस्टमनच्या मुलीला पहिल्यांदाच घाम फुटला. कसेबसे सगळे सापडले, पण बटण काही सापडेना. "जिंकलास रे, ये बाहेर!" सगळ्यांनी हाका मारल्या. तरी तो बाहेर येईना. शेवटी तिने खिडकी ठोठावली.

"काकू, बटण सापडत नाहीये."

काकू गळ्यात टेप, पायात काही नाही, अशा धावत सुटल्या. जिना झाला, टाकीमागे झालं.

एवढ्यात कंगवा हातात घेऊन काका बाहेर आले.

"बटण ना? तो काय, समोर फ्रिजच्या खोक्यात. मघापासून झाकण हलतंय."

"पण तुम्ही तर पाठ केली होती!" पोस्टमनची मुलगी कमरेवर हात ठेवून म्हणाली.

"केली होती गं. पण पुढ्यात आरसा आहे, त्याला मी काय करू?"

"धप्पा!" खोक्यातून उडी मारत बटण ओरडला. "मला वाटलं, तुम्ही मला फसवताय!"

धपाटा घालावा की उचलून घ्यावं, काकूंना कळेना. त्यांनी दोन्ही केलं.

चोरून बघितल्याची शिक्षा म्हणून पुढचं राज्य काकांवर आलं. ते निमूटपणे भिंतीकडे तोंड करून आकडे म्हणू लागले. गालाला फेस लावलेलं गिऱ्हाईक दारात येऊन उभं राहिलं.

"अहो, माझी अर्धी दाढी राहिलीय!"

"थांबा हो," काका डोळे न उघडता म्हणाले, "आत्ता कुठे तेवीस झालेत."