बर्फातले पाच अंश

आकडा पाचाच्या खाली यायला तयार नव्हता.

उत्तम थर्मासवर वाकून बघत राहिला. कुटलेल्या बर्फात थोडं पाणी घालून त्याने फ्रीजचा सेन्सर बुडवला होता; शेजारी स्वतःचा खात्रीचा थर्मामीटर. बर्फाच्या पाण्यात शून्यच दिसायला हवं. थर्मामीटर शून्य दाखवत होता. फ्रीजच्या दारावरचा आकडा मात्र हटून बसलेला. पाच.

त्याने बर्फ ढवळला. दहा मिनिटं थांबला. तरी पाचच.

म्हणजे दारावर चार दिसायचे तेव्हा आत उणे एक असायचं. आणि हा फ्रीज लसींचा होता, नौपाड्यातल्या डॉक्टर प्रमोदिनीबाईंच्या लहान मुलांच्या दवाखान्यातला. काही लसी गोठल्या की कामातून जातात, हे फ्रीज दुरुस्तीच्या धंद्यात एकोणीस वर्षं काढल्यावर त्याला कुणी सांगायला नको होतं.

फ्रीजच्या कडेला त्याच्याच अक्षरातली चिठ्ठी चिकटवलेली होती. तीन महिन्यांपूर्वीची तारीख, ‘सेन्सर तपासला, ठीक’, खाली सही. त्या दिवशी टेंभी नाक्यावरच्या एका मिठाईवाल्याचा फ्रीझर बंद पडला होता आणि फोनवर फोन येत होते. बर्फ आणायला वेळ नव्हता. दारावर चार दिसले, त्याने ‘ठीक’ लिहिलं आणि निघाला.

पिशवीत नवा सेन्सर होता. बदलायला कितीसा वेळ लागणार? जुना खिशात टाकला की कुणाला काही कळणार नव्हतं. कंपनीने एकदा ताकीद दिलीच होती. छप्पन्नाव्या वर्षी दुसरीकडे कोण दारात उभं करणार? आणि कोपरच्या घरी बायकोला, कलावतीला, काय सांगायचं?

त्याने पाना हातात घेतला.

"काका, अजून व्हायचंय?" नर्स आसावरी आत आली. लसी तात्पुरत्या काढून ज्यात ठेवल्या होत्या ती पेटी त्याच्या पायाशी होती. "असू दे, तुमचं चालू दे. त्यातली वरची बाटली द्या फक्त. बाळ रडायला लागलंय."

उत्तमने बाटली उचलली. आसावरीने तळहात पुढे केला. बाहेरून बाळाचं रडणं ऐकू येत होतं.

त्याचा हात पुढे जाईना.

"ही नको देऊस, पोरी."

"का?"

"मॅडमना बोलाव आधी."

डॉक्टर आल्या. त्याचं बोलणं ऐकून त्यांनी बाटली जोरात हलवली, खिडकीशी ठेवली आणि वाट पाहिली. थोड्या वेळाने तळाशी पांढरे कण बसू लागले.

"गोठून गेलीय, नाहीतर कण असे खाली बसले नसते," त्या म्हणाल्या. "कधीपासून असेल हे?"

"माहीत नाय मॅडम. तीन महिन्यांमागं मी तपासला म्हणून सही केलेली. तपासला नव्हता."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त बाटली उचलून बाजूला ठेवली.

"उत्तमराव, ही लस घेतलेल्या मुलांपैकी एखाद्याला घटसर्प झाला तर?"

त्याने पाना खाली ठेवला.

"आत्ता म्हणालात ते लिहून द्या. सगळ्यांना परत बोलवायला हवं. लस पुन्हा द्यावी लागेल." मग आवाज किंचित खाली आला. "कंपनीला मी कळवेन. तुम्ही निघा."

त्याने लिहून दिलं, सही केली. निघाला मात्र नाही.

आसावरीने लसींचं रजिस्टर उघडलं होतं. एक हात फोनवर, डोळे ओळींवर. नंबर चुकत होते. उत्तमने चष्मा लावला आणि स्टूल ओढून तिच्याशेजारी बसला.

"मी वाचतो. तू लाव."

तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि रजिस्टर सरकवलं. तो वाचू लागला. पहिल्या आईने फोनवरच रडायला सुरुवात केली. दुसरा बाप शिव्या देत होता. त्या उत्तमलाही ऐकू आल्या. तो वाचत राहिला.

एका ओळीशी तो अडला.

"इथं नाव नाय. नुसतं ‘समीक्षाचं बाळ’ लिहिलंय."

"बारसं व्हायचं असेल तेव्हा. नंबर सांगा."

त्याने एकेक आकडा सावकाश सांगितला. पलीकडे घंटी वाजू लागली. त्या ओळीखाली उत्तम बोट धरून बसला.