केशराच्या कोठीतली जिन्नी

सकाळी आठलाच अख्खं तिझगी गाव केशराच्या कोठीपुढे लोटलं होतं. कुलूप शाबूत, आतलं चाळीस बायकांचं वर्षाचं केशर गायब, आणि मुंग्या येऊ नयेत म्हणून जमिनीवर पसरलेल्या राखेत बकरीच्या खुरांचे ठसे. दारातून तीन दिसत, पुढचे पेटाऱ्याआड. गोष्टींतली चार खुरांची जिन्नी येऊन गेली, यावर गावाचं एकमत झालं. जिन्नीच्या पावलाखालची राख गुडघेदुखीवर लावायला न्यायची म्हणून काहीजणी वाट्याही घेऊन आल्या होत्या.

हवालदार इद्दरने दाराला दोरी बांधली. किल्ली सांभाळणाऱ्या तूदाला घेऊन तो कडेकडेने आत गेला. राख उडू नये म्हणून त्याने प्रत्येक ठशावर ताजिनचं, म्हणजे कालवण शिजवायच्या मातीच्या भांड्याचं, झाकण घातलं. वहीत लिहिलं : आत गेलेले, दोघं.

"माझ्या सासूबाईंना तरी बघू द्या," तूदा म्हणाली.

"नाही, लल्ला," इद्दर तिला मानाने हाक मारत म्हणाला. "आणि आत काय पाहिलं ते त्यांना सांगायचंही नाही."

"ते जास्त अवघड आहे."

एवढ्यात गंडेदोरे देणारा फकीह बूजमा केरसुणी घेऊन आला. "दुपारच्या आत राख झाडून नदीत सोडा. सातवं पाऊल उलटं आहे. जिन्नी परत फिरणार आहे."

बायका दोन पावलं मागे सरल्या. इद्दर मात्र पुढे झाला.

"उलटं पाऊल पेटाऱ्यामागे आहे, फकीह. ते आम्ही दोघांनीच पाहिलंय. तुम्हाला कसं कळलं?"

"मला दिव्यदृष्टी आहे."

"मग केशरही दिसत असेल. सांगा, कुठाय?"

इद्दरने फकीहच्या घराची झडती घेतली.

पिठाच्या रांजणामागे केशर सापडलं. शेजारी कोठीची दुसरी किल्ली आणि काठीला ठोकलेला बकरीचा खूर. 'मंतरायला' म्हणून त्याने गेल्या महिन्यात तूदाकडून किल्ली नेली होती, तेव्हाच नक्कल केली. चोरीनंतर तो स्वतःची पावलं झाडत, काठी टेकवत मागे सरकला. पेटाऱ्यामागे अंधारात काठी हातात फिरली आणि तिथला ठसा उलटा पडला.

इद्दरने सगळ्यांसमोर झाकणं उचलली. खुराचा एक कोपरा तुटका होता, आणि तोच तुटका कोपरा सातही ठशांत होता.

"चार पायांची जिन्नी एकाच पायावर लंगडी घालत आली म्हणायची," तूदा म्हणाली.

हशा ओसरल्यावर इद्दर शांतपणे म्हणाला, "भीती वाटली की झाडायची घाई करू नका. आधी नीट बघा, मोजा. आणि जो बघण्याआधीच झाडायला लावतो, त्याला प्रश्न विचारा."

गर्दीतून तूदाची सासू पुढे आली.

"बूजमा, माझ्या नातवाला दिलेल्या ताइतात काय घातलं होतंस?"